मर्यादेतले 12 ग्रॅम: दाहुआंग या जुलाबाच्या चिनी मुळीच्या मात्रेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आजी 74 वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वजन जेमतेम 46 किलो. राहायला चेंगडूत. न्हाणीघरात पाय घसरला आणि कमरेचा एक मणका दबला. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. पाठीवर पडून राहायचं, दुखलं की ट्रॅमाडॉल घ्यायचं, आणि तीन आठवड्यांनी पट्टा बांधून हळूहळू उठायचं, असं ठरलं. त्यांना भरती केलं ते चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात. तिथे एका हाताला सलाईन आणि उशाशी काढ्याची पिशवी, हे दृश्य रोजचंच.

मी तेव्हा तिथल्या औषध विभागात शिकाऊ होते. सांगलीची मुलगी काढ्यांच्या चिठ्ठ्या तपासते याचं रुग्णांना फार अप्रूप वाटायचं. तिथे विभागप्रमुखाला 'चूरन' म्हणतात. काढेवाल्या विभागाचे प्रमुख चूरन! पहिला आठवडाभर मला हसू आवरत नव्हतं. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे बदलले आहेत.

आजींना आधीपासून दोन गोष्टी चालू होत्या: हृदयाची लय बिघडते म्हणून डिगॉक्सिन 0.125 मिलिग्रॅम आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड 25 मिलिग्रॅम. दुसरी गोळी लघवीवाटे पोटॅशियम घालवते, आणि शरीरात पोटॅशियम कमी झालं की पहिली विषासारखी वागू लागते. फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं.

दाहुआंग म्हणजे काय

आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात जी रेवाचिनी मिळते, तिच्याच कुळातलं हे मूळ. 'रेवंदचिनी' हे फारसी वळणाचं नावच तिचा चीनशी असलेला संबंध सांगतं. आपली रेवाचिनी बहुतेक वेळा हिमालयातली असते. चिनी औषधसंहिता मात्र तीनच जाती मानते: ऱ्हीअम पामेटम, ऱ्हीअम टँग्युटिकम आणि ऱ्हीअम ऑफिसिनाले. (मुक्या मारावर लावायला म्हणून जो 'रेवाचिनीचा शिरा' मिळतो तो वेगळ्याच झाडाचा चीक आहे. नावावर जाऊन तो पोटात घेऊ नये.) युरोपात ज्या ऱ्हुबार्बच्या देठांचे गोड पदार्थ करतात, ते याच घराण्यातलं. औषधाला मात्र मूळ आणि मूळखोड. पानं ऑक्झलिक आम्लामुळे विषारी.

चांगल्या दाहुआंगचा काप हातात घेतला की पिवळसर तपकिरी अंगावर चांदण्यांसारखे ठिपके दिसतात. चघळला तर दाताला चिकटतो, वाळू खाल्ल्यासारखी कचकच येते आणि थुंकी पिवळी होते. आमच्या विभागातल्या जुन्या शिफूंनी मला पहिल्याच दिवशी तो चघळायला लावला होता. शिफू म्हणजे उस्ताद. त्यांच्या मागे भिंतभर शेकडो खणांचं कपाट आणि हातात छोटा दांडीचा काटा. ते दाहुआंगला 'सेनापती' म्हणत. हे टोपणनाव फार जुनं आहे. सिचुआनच्या मालाला तर चिठ्ठ्यांत 'सिचुआनची फौज' असंच लिहिण्याची रीत आहे.

उपयोग फक्त बद्धकोष्ठापुरता नाही. कावीळ, आंतड्यातलं गळू, रक्ताची उलटी, भाजलेल्या जागेवर लेप, स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेत थंडावलेलं आतडं जागं करणं, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात बस्ती, अशी यादी लांबेल. याच्या व्यापाराचा दबदबा असा, की लिन झशू या चिनी अधिकाऱ्याने 1839 साली राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या पत्रात परदेश्यांचं चहा आणि दाहुआंगवाचून एक दिवस चालणार नाही असं बजावलं होतं. पत्रामागचा समज चुकीचा होता, पण मुळीचा मान त्यातून कळतो.

आता मात्रा. औषधसंहितेत पोटातून 3 ते 15 ग्रॅम दिलेली आहे. शेजारीच लिहिलंय की जुलाबासाठी वापरायचं तर फार वेळ उकळू नये. गरोदर, पाळी चालू असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जपून घ्यावं, हेही आहे. कच्चं दाहुआंग, मद्यात परतलेलं, मद्यासह वाफवून काळं केलेलं 'शू' आणि जाळून कोळसा केलेलं अशी चार रूपं. वाफवलेल्याचा जुलाब सौम्य. कोळसा रक्तस्राव थांबवायला.

'फार वेळ उकळू नये' हे वाक्य लोक स्वयंपाकाच्या सूचनेसारखं वाचतात आणि पुढे जातात. या प्रकरणाचं मूळ नेमकं तिथेच आहे. दाहुआंगमधली जुलाबाची द्रव्यं, म्हणजे सेनोसाइड आणि त्यांची भावंडं, साखरेला बांधलेली असतात. ती वरच्या आतड्यात शोषली जात नाहीत. मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जीवाणू त्यांना सोडवतात आणि मग आतडं ढवळून निघतं. या प्रवासाला साधारण सहा ते बारा तास लागतात. खूप उकळलं की ही बांधलेली द्रव्यं तुटतात, पण टॅनिन म्हणजे तुरट भाग तसाच उरतो. तुरटपणा काय करतो हे हिरडा चघळलेल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे तोच तुकडा पाच मिनिटं उकळला तर जुलाब आणि तासभर उकळला तर कधीकधी उलट खडा.

अडचण: सहा दिवस पोट साफ नाही

सहाव्या दिवशी आजींचं पोट टम्म झालं होतं. क्ष-किरण चित्रात आतडं अडकल्याची खूण नव्हती. ते आधी पाहून घेतलं हे बरंच झालं, कारण अडकलेल्या आतड्यावर दाहुआंग म्हणजे बंद दारावर लाथा. चूरननी जीभ पाहिली (पिवळा जाड थर), नाडी पाहिली आणि ता छंग छी थांग या काढ्याच्या बेतावर चिठ्ठी लिहिली. सुमारे 1800 वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग या वैद्याने लिहून ठेवलेला हा काढा. मणका दबून पोट बांधलं गेलं की त्या वॉर्डात बहुधा हाच. वय पाहून त्यांनी मांगश्याओ हे क्षार वगळलं आणि दाहुआंग 6 ग्रॅम ठेवलं. शेजारी बारीक अक्षरात 'होउश्या', म्हणजे 'मागाहून घाला'.

काढा रुग्णालयाच्या काढाघरातच उकळून यायचा. यंत्रातून निघालेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, सकाळी एक, संध्याकाळी एक.

दोन दिवसांत खड्यासारखं थोडंसं झालं. मात्रा 9 ग्रॅम केली. पुन्हा तेच. मग 12 ग्रॅम. मग रोज थोडं थोडं होऊ लागलं, आजी म्हणाल्या, "मोकळं वाटत नाही, पण चालेल." तेराव्या दिवशी घरी सोडलं. सोबत सात दिवसांचा काढा, 'पूर्वीप्रमाणेच', दाहुआंग 12 ग्रॅम.

ती चिठ्ठी माझ्या टेबलावरून गेली. मी पाहिलं: 3 ते 15 ची मर्यादा, आत आहे. टिक केली. खाली सही माझी, तिच्यावर वरिष्ठांची.

घरी

मुलीने यावेळी पिशव्या घेतल्या नाहीत. ताज्या काढ्याची सर पिशवीला नाही, असं तिचं म्हणणं. चीनमध्ये पुष्कळांचं असतं, आणि एरवी त्यात वावगं काहीच नाही. काढाघरात रांगही होती. तिने सुटी मुळं घेतली. सात मोठ्या पुड्या, प्रत्येकीत एक छोटी कागदी पुडी, तिच्यावर 'होउश्या'चा शिक्का.

मुलगी शिक्षिकेचीच. सूचना जशीच्या तशी पाळली. अर्धा तास भिजवलं, मातीच्या भांड्यात अर्धा तास उकळलं आणि शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा छोटी पुडी सोडली. संध्याकाळी सातला पहिली वाटी.

पहाटे तीनला पोटात कळ. सकाळपर्यंत पाच वेळा. आजींना आधी बरंच वाटलं: "इतक्या दिवसांचं निघालं." लघवी लालसर तपकिरी झाली तेव्हा मुलगी घाबरली, पण ते दाहुआंगच्या रंगाने होतं आणि त्यात काळजीचं काही नसतं. काळजी करायला हवी होती ती दुसऱ्या वाटीची. सकाळी सातला दुसरी वाटी गेली, कारण पुडीवर लिहिलं होतं: दिवसातून दोनदा, सात दिवस. पोर परीक्षेला बसल्यासारखं औषध घ्यायचं ही आजींची सवय. अर्धवट सोडायचं नाही.

इथे घड्याळाकडे पाहायला हवं. परिणाम दिसायला सहा ते बारा तास आणि दोन वाट्यांत अंतर दहा-बारा तासांचं. म्हणजे एका वाटीने काय केलं हे पुरतं कळायच्या आत पुढची पोटात असते. दुसऱ्या दिवशी आठ वेळा, तिसऱ्या दिवशी पाण्यासारखं, मोजणं सोडून दिलं. खाणं बंद, पण डिगॉक्सिन आणि रक्तदाबाची गोळी नेमाने चालू. शेजारीण येऊन सांगून गेली, गार पेज पाजा, जुलाब थांबेल. गार पेजेचा तो तोडगा जुन्या ग्रंथांत आहे खरा, पण तो जमालगोट्याच्या जुलाबासाठी. दाहुआंगला त्याचं काही नाही.

चौथ्या दिवशी आजींना पलंगावरून पाय उचलवेना. मळमळ, छातीत ठोके चुकल्यासारखे. मुलीने रिक्षा केली नाही, रुग्णवाहिकाच बोलावली.

पुन्हा रुग्णालयात

रक्तदाब 96/58. पोटॅशियम 2.7 मिलिमोल, मॅग्नेशियमही कमी. मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन 78 वरून 132 मायक्रोमोलवर. हृदयालेखात टी-लहरी चपट्या, मधूनच अवेळी ठोके. डिगॉक्सिनची रक्तातली पातळी 1.9 नॅनोग्रॅम. तरण्याताठ्या माणसात तिचा बाऊ केला नसता, पण इतक्या कमी पोटॅशियमवर तीच पातळी घातक.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना वाटलं, खाण्यातून जंतुसंसर्ग. वयस्कर बाई, उन्हाळ्याचे दिवस, पाण्यासारखे जुलाब. अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. काढ्याचं विचारलं तेव्हा मुलीने चिठ्ठी दाखवली आणि म्हणाली, "हाच काढा आठवडाभर तुमच्याकडेच घेत होत्या, काही झालं नाही." या एका वाक्याने काढा संशयातून सुटला. मलाही पटलं. 12 ग्रॅम मर्यादेत, आठवडाभर सोसलेला, मग आज त्याच 12 ग्रॅमने काय होणार?

पर्याय

पहिला प्रश्न, जुलाब थांबवायची गोळी द्यायची का. लोपेरामाइड हाताशी होतं. कारण ठाऊक नसताना आतडं बांधून ठेवणं चूरनना पसंत नव्हतं, आणि ते बरोबर होतं. प्रतिजैविकाबद्दल मतभेद झाला. ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, शौचात रक्त नाही. म्हणून शौचाची तपासणी पाठवून 24 तास थांबायचं ठरलं. माझ्या मते त्या रात्रीचा हा सगळ्यात चांगला निर्णय. प्रतिजैविक सुरू झालं असतं तर दोन दिवसांनी जुलाब आपसूक थांबले असते, श्रेय त्याला गेलं असतं आणि काढा पुन्हा चालू झाला असता.

डिगॉक्सिन आणि रक्तदाबाची गोळी लगेच बंद. पोटॅशियम शिरेतून, हृदयाच्या मॉनिटरवर, सावकाश. त्यासोबत मॅग्नेशियम, कारण ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. काढा बंद केला तो संशयाने नव्हे, नुसत्या शिरस्त्याने: जुलाब होत असताना जुलाबाचं औषध कोण देतं!

शोध

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफूंनी मला विचारलं, "पिशवी आणि पुडी एकच काढा कशावरून?"

मुलीकडे जुनी एक पिशवी फ्रिजमध्ये उरली होती. ती आणि घरचा काढा, दोन्ही मागवले. शेजारी शेजारी पेल्यात ओतले. पिशवीतला गडद, चव तुरट, जीभ आखडून घेणारी. घरचा रंगाने फिका, पण कडू आणि वासाला तिखट. प्रयोगशाळेतली तपासणी आम्ही केली नाही, तिची गरजही पडली नाही. मी तडक काढाघरात गेले.

काढाघर तळघरात. वाफ, भिंतींना घाम, ओळीने स्टीलची यंत्रं. तिथल्या माणसाने काही लपवलं नाही. गर्दी असली की छोटी पुडी वेगळी ठेवायला वेळ नसतो, सगळं एकाच कापडी थैलीत जातं आणि झाकण लागतं. दाबाखाली सुमारे 40 मिनिटं. काढाघरांच्या 2009 च्या राष्ट्रीय नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, की मागाहून घालायचं औषध शेवटची 5 ते 10 मिनिटं टाकायचं. नियम भिंतीवर चिकटवलेलाही होता, वाफेने पिवळा पडलेला.

आता हिशेब जुळला. वॉर्डात आजींना कागदावर 6, 9, 12 ग्रॅम मिळत होते. पोटात जात होता तो तुटलेल्या द्रव्यांचा, तुरट उरलेला काढा. चूरन मात्रा वाढवत होते ती काढाघराच्या यंत्राशी झुंजत, आणि त्यांना वाटत होतं आपण आजींच्या आतड्याशी झुंजतोय. प्रत्येक पायरी आपल्या जागी शहाणपणाचीच होती. मग घरी प्रथमच कोणीतरी चिठ्ठी जशीच्या तशी पाळली. ते 12 ग्रॅम आजींचे पहिले खरे 12 ग्रॅम होते.

दुसरा धागा मुलीच्या बोलण्यातून निघाला. आजी गेली तीन वर्षं रोज थर्मासभर चहा पीत होत्या, डोळ्यांसाठी आणि रक्तदाबासाठी. कसला? तिने डबा आणला. आत भाजलेल्या तपकिरी, चकचकीत, तिरक्या कापासारख्या बिया. मी पाहताक्षणी ओळखल्या. टाकळा! पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवतो, कोकणात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, त्याच टाकळ्याचं आणि त्याच्या सख्ख्या भावंडाचं बी. तिथे त्याला च्वेमिंगझ म्हणतात आणि किराणा दुकानातही मिळतं. त्यातही अँथ्राक्विनोन असतात, दाहुआंगच्याच जातीची द्रव्यं, मात्रेने सौम्य.

वॉर्डात तो चहा बंद झाला होता. तीन वर्षं रोज मिळणारा हलका धक्का अचानक गेला, वर पाठीवर पडून राहणं, वर ट्रॅमाडॉल. सहा दिवस पोट साफ होत नव्हतं त्याचं निम्मं कारण त्या डब्यात होतं. घरी आल्यावर चहा पुन्हा सुरू झाला, आता दाहुआंगच्या जोडीला. भरतीच्या अर्जात 'आणखी कोणती औषधं घेता' असा रकाना आहे. त्यात आजींनी खरं तेच लिहिलं होतं: दोन गोळ्या. चहाला औषध कोण म्हणतं?

सोनामुखी, कोरफडीचा वाळवलेला चीक, टाकळ्याचं बी, रेवाचिनी: आपल्याकडची पोट साफ करणारी चूर्णंही याच घराण्यातून येतात. डब्यांवरची नावं वेगवेगळी असली तरी मोठ्या आतड्यात पोचल्यावर सगळी एकच काम करतात, आणि त्यांच्या मात्रांची बेरीज होते.

मग काय केलं

शौचाच्या तपासणीत काही निघालं नाही. काढा बंद केल्यापासून दीड दिवसात जुलाब थांबले. तिसऱ्या दिवशी पोटॅशियम 3.6.

खरा कसोटीचा प्रसंग त्यानंतर आला. चार दिवस पोट पुन्हा साफ झालं नाही. ते होणारच होतं. आतडं रिकामं झालेलं, पोटॅशियमअभावी सुस्तावलेलं, आणि दाहुआंगचा तुरट भाग मागाहून आपलं काम करतोच. आजी अस्वस्थ, मुलगी घाबरलेली, आणि वॉर्डात कोणीतरी म्हणालंच: आता बरोबर मात्रा कळली आहे, 3 ग्रॅम देऊन पाहू.

यावर चांगली दहा मिनिटं चर्चा झाली. एक पर्याय वाफवलेलं 'शू' दाहुआंग, 3 ग्रॅम, पूर्ण उकळून. दुसरा मारन वान या गोळ्या, म्हातारपणच्या कोरड्या बद्धकोष्ठाला त्या नेहमी देतात. मी तेव्हा बोलले, आणि त्या प्रकरणात मी केलेली उपयोगाची गोष्ट बहुधा एवढीच: या गोळ्यांतही दाहुआंग आहे. नावात भांगेच्या जातीतलं बी, म्हणून सगळ्यांना ती निव्वळ वंगण वाटते. घटक सहा, त्यांतलं एक सेनापती. तिसरा पर्याय मॅक्रोगोलची पुडी, 10 ग्रॅम पाण्यात विरघळवून. ती पाणी धरून ठेवते आणि आतड्याला चाबूक मारत नाही.

चूरन चिनी वैद्यकाचे कडवे अभिमानी. मला वाटलं ते 'शू' घेतील. त्यांनी पुडी घेतली. म्हणाले, "हृदयाची लय जाग्यावर आली की बघू. आत्ता या बाईच्या आतड्यात मला कुठलीच फौज नको." ट्रॅमाडॉल थांबवून पॅरासिटामॉल केलं, पट्टा बांधून आजींना दिवसातून चारदा उभं केलं, आणि बेडपॅनऐवजी कमोडची खुर्ची आणली. मला विचाराल तर पुडीइतकंच श्रेय त्या खुर्चीला. आडवं पडून, पडद्याआड, शेजारच्या पलंगावर पाहुणे बसलेले असताना कुणाचं पोट साफ होतं?

दोन दिवसांत झालं. नवव्या दिवशी घरी. पोटॅशियम 4.1, क्रिएटिनिन 84. डिगॉक्सिन पुन्हा सुरू, रक्तदाबाची गोळी बदललेली.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रंथात औषधाबरोबर थांबायची खूणही दिलेली आहे, हे मला चूरननी नंतर उघडून दाखवलं. मोठ्या काढ्याच्या, म्हणजे ता छंग छी थांगच्या शेवटी चार-पाच अक्षरं: शौच झालं की उरलेलं घेऊ नका. लहान काढ्याच्या, श्याओ छंग छी थांगच्या खाली आणखी सविस्तर: पहिल्या वाटीनंतर माणूस 'कपडे बदलायला' जायला हवा; न गेला तर सगळं प्यावं, गेला तर पुन्हा पिऊ नये. शौचाला जाण्याला तेव्हा असं म्हणत. दोन्ही काढ्यांत दाहुआंग चार ल्यांगच (ल्यांग हे जुनं चिनी वजन). आता ल्यांग म्हणजे आजचे 3 ग्रॅम धरायचे की हान काळातल्या वजनांप्रमाणे 13 ते 15, यावर विद्वान भांडत बसोत. दोन्हीत वजन एक असून जोर वेगळा, कारण लहान काढ्यात सगळं एकत्र उकळतं, मोठ्यात दाहुआंग मागाहून पडतं. आणि मोठ्यातही पाच मिनिटं नाहीतच. दाहुआंग टाकल्यावर पाणी पाच मापांवरून दोन मापांवर आटवायला सांगितलंय, म्हणजे बराच वेळ. 'शेवटची पाच मिनिटं' ही आपली अलीकडची सोय आहे.

थोडक्यात, चांग चोंगचिंगच्या लेखी मात्रा म्हणजे वजन, उकळ आणि थांबायची खूण, तिन्ही मिळून. आमच्या चिठ्ठीत उरलं होतं फक्त वजन. त्यात संगणकाच्या साच्याने भर घातली: 'दिवसातून दोनदा, सात दिवस'. तो साचा खोकल्याच्या काढ्यालाही हाच मजकूर छापतो.

माझी स्वतःची चूक मला आज वेगळी दिसते. मर्यादा पाहिली आणि थांबले. तीन प्रश्न विचारायला हवे होते. याआधीचा काढा कोणी आणि कसा उकळला होता? उकळणारा बदलतोय, तर मात्रा पुन्हा 3 वरून का सुरू करत नाही? आणि 46 किलोच्या, डिगॉक्सिन घेणाऱ्या बाईचं पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं? दुसऱ्या भरतीपर्यंत ते एकदाही तपासलेलं नव्हतं. युरोपातल्या अधिकृत नियमांत या मुळीला एका आठवड्याहून जास्त परवानगी नाही. आम्ही दोन आठवडे देत होतो, आणि त्यातला पहिला फुकट गेला होता.

चूरन काढाघराला दोष द्यायला तयार नव्हते, यावर मात्र माझं त्यांच्याशी आजही पटत नाही. त्यांचं म्हणणं, वैद्याने आपला काढा चाखावा. चाखला असता तर कळलं असतं. एकदा ठीक आहे. दिवसाला शेकडो पिशव्या निघतात, कोण किती चाखणार?

बदल झाले ते लहान. छोट्या पुडीवर लाल अक्षरात ओळ आली: 'शौच झालं की उरलेलं घेऊ नका.' दाहुआंग असलेली चिठ्ठी वॉर्डातून घरी जाताना मात्रा मुकाट्याने निम्मी करायची, ही चूरननी घालून दिलेली रीत. काढाघरात मागाहून घालायच्या पुड्यांसाठी वेगळी लाल टोपली ठेवली. मी तिथून निघाले तेव्हा ती टोपली भरलेली असायची, म्हणजे निदान पुड्या थैलीबाहेर तरी राहत होत्या.

सहा आठवड्यांनी

आजी तपासणीला चालत आल्या, पट्टा बांधून, काठी न घेता. दोन-तीन दिवसांत एकदा मॅक्रोगोलची अर्धी पुडी, बाकी काही नाही. त्यांनी मला टाकळ्याच्या डब्याचं विचारलं. पाऊण डबा उरला होता, टाकून द्यायचं जिवावर आलं. तिथे या बियांच्या उशा करतात, डोक्याला गार लागतात म्हणून. मुलीकडून त्यांनी तशी उशी शिवून घेतली होती. पिशवीतून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "यावर नुसतं झोपल्याने तर पोटाला काही होणार नाही ना?"